पद्मिनीचा ऑइल लाइट गरम झाल्यावर मिणमिणतो, कुठलं ऑइल टाकू? (समस्या निवारण)

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हा त्रास होतोच. सकाळी गाडी चालू केली की लाल लाइट लगेच विझतो, सगळं छान, मग गावात अर्धा-पाऊण तास फिरून इंजिन नीट तापलं आणि सिग्नलला उभे राहिलो की डॅशबोर्डवरचा तो ऑइलचा लाइट मिणमिण करायला लागतो, जरा रेस दिली की जातो, रेस सोडली की परत हजर. गॅरेजला नेली की मिस्त्री सांगतात ऑइल पातळ पडतंय, जाड टाका. जाड टाकलं की महिना-दोन महिने बरं वाटतं आणि परत तेच. मग कोणी सांगतं अजून जाड टाका, कोणी सांगतं त्यात मधासारखं घट्ट येणारं अ‍ॅडिटिव्ह टाका, कोणी म्हणतं आता इंजिन उघडा.

माझं म्हणणं सरळ आहे. लाइट लागला की पहिला प्रश्न "कुठलं ऑइल" हा नाहीच, पहिला प्रश्न "ऑइलचं प्रेशर नक्की किती आहे आणि का कमी आहे" हा. त्याचं उत्तर मिळालं की ऑइल निवडायला पाच मिनिटं लागतात. उत्तर न मिळवता ऑइलचे नंबर बदलत बसलो तर आजार आत तसाच राहतो आणि वरून फक्त लाइट झाकला जातो, आणि तोपर्यंत क्रँक घासून गेलेला असतो.

हे आता का लिहावंसं वाटलं तेही सांगतो. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, आपल्याकडे १९६४ पासून डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं साधं पुशरॉडवालं इंजिन. मुंबईत हजारो टॅक्स्या होत्या तोपर्यंत हे इंजिन डोळे मिटून खोलणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते, लाइट कसा मिणमिणतो एवढं ऐकून रोग सांगायचे. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, आणि तेव्हापासून ती माणसंही दुसऱ्या कामाला लागली किंवा निवृत्त झाली. आज ज्या गॅरेजला आपण जातो तिथल्या पोराने आयुष्यभर ५डब्ल्यू-३० च्या (म्हणजे पातळ तेलाच्या) नव्या गाड्या बघितल्यात, त्याचा काही दोष नाही, पण आपल्या गाडीचं आपल्यालाच माहीत असायला पाहिजे अशी वेळ आलीये.

आधी लाइट खरं बोलतोय का ते बघा

हा लाइट म्हणजे एक साधा स्विच आहे, इंजिनच्या ब्लॉकला बसवलेला. प्रेशर नसलं की स्विच वायरला अर्थ देतो (म्हणजे बॉडीशी जोडतो) आणि बल्ब पेटतो, प्रेशर आलं की अर्थ तुटतो. आता हा स्विच साधारण ५-७ पाउंडाच्या (पीएसआय, प्रेशरचं माप) आसपास काम करणारा असतो, म्हणजे लाइट लागेपर्यंत प्रेशर जवळजवळ तळाला गेलेलं असतं, आणि लाइट बंद आहे म्हणजे प्रेशर चांगलं आहे असं अजिबात नाही, १० पाउंड असलं तरी लाइट बंदच दिसणार. जुने स्विच आतून खराब होतात, त्यांच्यातून ऑइल झिरपतं, कनेक्टरच्या टोकाशी तेलकट ओल दिसली की स्विच बदलून टाका, महाग वस्तू नाही ती.

वायरची टेस्ट सोपी आहे. इग्निशन ऑन करा, इंजिन बंद, लाइट पेटलेला. आता स्विचवरची वायर काढा आणि बॉडीला लागणार नाही अशी धरा. लाइट विझला पाहिजे. नाही विझला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीये, एवढंच, आणि तुम्ही उगाच ऑइलला दोष देत होता. पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये हे सर्रास होतं.

त्यानंतर खरं काम, गेज लावणं. मेकॅनिकल प्रेशर गेज, ज्याला नळी असते तो. स्विच काढून त्या जागी थ्रेड जुळणारा अडॅप्टर लावून गेज जोडायचा, थ्रेड जबरदस्तीने बसवू नका, ब्लॉकचा आटा गेला की वेगळंच दुखणं. कायमचा बसवायचा असेल तर टी लावून स्विच आणि गेज दोन्ही ठेवा, आणि नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या, प्लास्टिकची नळी वितळली तर गरम तेल थेट एक्झॉस्टवर पडतं आणि आग लागते. मी तरी तांब्याचीच नळी वापरावी या मताचा आहे.

गाडी अर्धा तास चालवून, अगदी व्यवस्थित तापवून मग आकडा बघा. थंड इंजिनचा आकडा काही कामाचा नाही, थंड असताना मरायला टेकलेलं इंजिनसुद्धा ५० पाउंड दाखवतं. जुना ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला १० पाउंड मिळाले म्हणजे इंजिन सुरक्षित. पद्मिनीत टॅकोमीटर नाही, पण टॉप गियरला ताशी ५० च्या आसपास साधारण दोन हजार आरपीएम धरायला हरकत नाही, तिथे गरम इंजिनला २०-२५ च्या खाली येत असेल तर लक्ष घालायला पाहिजे, ३०-४० असेल आणि फक्त स्लोला (म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) ८-१० वर येत असेल तर घाबरायचं कारण नाही. अशा वेळी आधी स्लो किती ठेवलाय ते बघा. पेट्रोल वाचवायला म्हणून स्लो इतका खाली ठेवतात की इंजिन धापा टाकतं, मग ऑइल पंप तरी काय फिरणार. ७००-८०० च्या आसपास स्लो आणला की बऱ्याच गाड्यांचा "ऑइलचा प्रॉब्लेम" स्क्रूड्रायव्हरच्या एका वेढ्यात जातो.

लाइट कधी लागतो हेही नीट आठवून बघा, कारण त्यातच निम्मं निदान आहे. गरम झाल्यावर फक्त स्लोला लागत असेल तर तेल पातळ झालंय किंवा मेटल (म्हणजे क्रँकची बेअरिंग) घासलीत किंवा स्विच. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर क्षणभर लागत असेल तर चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलच कमी आहे, गाडी बाजूला घ्या आणि डिपस्टिक बघा. आणि स्लोला ठीक पण स्पीडला लागतो असं असेल तर ते सगळ्यात वाईट, चेंबरमधली जाळी गाळाने बंद होत आलीये, पंपाला तेल ओढता येत नाहीये. तिथे चालवत घरी जाऊ असा विचारसुद्धा करू नका, इंजिन बंद करून टो करून आणा आणि चेंबर उतरवून जाळी धुवा. सगळ्याच स्पीडला सारखंच कमी प्रेशर असेल तर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिलाय का ते एकदा बघून घ्यावं, स्प्रिंगही दमलेली असते कधीकधी.

डिपस्टिक नीट वाचा, बहुतेकांचं उत्तर तिथेच आहे

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर. साताऱ्याच्या एका मित्राची पद्मिनी होती, आणि हाच त्रास. एका गॅरेजने २०डब्ल्यू-५० टाकून दिलं, तीन आठवड्यांनी परत लाइट, मग दुसऱ्या गॅरेजने त्यावर अ‍ॅडिटिव्हचा डबा ओतला, परत थोडे दिवस बरं, परत लाइट, आणि शेवटी इंजिन कामाचं एस्टिमेट हातात. गाडी बघायला गेलो तेव्हा आधी डिपस्टिक काढली तर तेल मॅक्सच्या खुणेच्या वर, चांगलं बोटभर वर. मित्र म्हणाला बघ ना, तेल अजिबात खात नाही गाडी. पण जुनी पद्मिनी तेल खात नाही एवढंच नाही तर तेल वाढवते, हे कसं शक्य आहे? डिपस्टिकचं टोक नाकाजवळ धरलं तर सरळ पेट्रोलचा वास. दोन बोटांत तेल चोळलं तर चिकटपणाच नाही, पाण्यासारखं सुळकन जातंय.

कारण होतं एसी पंप. ब्लॉकला बाजूला बसवलेला तो मेकॅनिकल पेट्रोल पंप, कॅमशाफ्टवर चालणारा. त्याच्या आत रबराचा डायफ्रॅम असतो, वरच्या बाजूला पेट्रोल, खालच्या बाजूला थेट इंजिनचं पोट. डायफ्रॅमला बारीक चीर गेली की प्रत्येक स्ट्रोकला थोडं पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरतं. गाडी चालते, बंद पडत नाही, अ‍ॅव्हरेज जरा कमी होतं एवढंच, आणि इकडे तुमचं महागडं २०डब्ल्यू-५० दिवसागणिक पातळ होत जातं. आता सगळीकडे ई२० पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराचे डायफ्रॅम आणि पाइप लवकर फुगतात आणि तडकतात, त्यामुळे हा प्रकार वाढणार आहे, कमी होणार नाही. पंपाचं किट घेताना इथेनॉल चालणाऱ्या रबराचं आहे का ते विचारून घ्या, दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेलं जुनं किट स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका. आणि पंप परत बसवताना ब्लॉक आणि पंप यांच्यामधला स्पेसर आणि पॅकिंग होतं त्याच जाडीचं बसवा, पंपाचा स्ट्रोक त्या जाडीवर ठरतो.

मित्राच्या गाडीचा पंप बदलला, सगळं तेल काढून टाकलं, फिल्टर बदलला, साधं २०डब्ल्यू-४० भरलं, लाइट गेला. इंजिनला कोणी हातसुद्धा लावला नाही.

पेट्रोल मिसळलंय का ते घरी बघायचं असेल तर ब्लॉटिंग पेपर किंवा साध्या टिश्यू पेपरवर तेलाचा एक थेंब टाका आणि तासभर सपाट ठेवून द्या. चांगल्या तेलाचा डाग आटोपशीर पसरतो, मधे काळा, बाहेर एकसारखा पिवळसर. पेट्रोल असेल तर बाहेरच्या बाजूला फिकट, रुंद वलय पळत गेलेलं दिसतं. शेजारी नव्या तेलाचा थेंब टाकून ठेवला की फरक लगेच कळतो. चोक अर्धवट अडकून राहिला किंवा कार्ब्युरेटरची सुई गळत असली तरी पेट्रोल असंच खाली उतरतं, मग पंप ठीक निघाला तर तिकडे बघा. आणि पेट्रोलचा वास येत असलेल्या तेलावर गाडी अजिबात पळवू नका, आधी तेल काढा.

दुसरी भेसळ पाण्याची. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर दिसला की लोक लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणून रडायला लागतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हा थर झाकणाला येतोच, तो हवेतला दमटपणा आहे, इंजिन पुरेसं तापतच नाही त्यामुळे पाणी उडून जात नाही. गाडी तासभर हायवेला काढली की जातो. पण डिपस्टिकवरच तेल दुधाळ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र गॅस्केटच. शंका असेल तर जुन्या पत्र्याचा तुकडा गॅसवर चांगला तापवून बाहेर आणायचा आणि त्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा, चर्र करून तडतडला तर पाणी आहे, नुसताच धूर आला तर नाही. पेट्रोलचा वास असलेल्या तेलावर हा प्रयोग करायचा नाही.

तिसरं म्हणजे इंजिन गरम होणं, आणि याचा ऑइलशी असलेला संबंध लोकांच्या लक्षातच येत नाही. ऑइलच्या डब्यावरचा दुसरा आकडा, तो ५० किंवा ४०, तेल १०० डिग्रीला किती जाड असतं त्यावरून ठरतो. ५० नंबरचं तेल १०० डिग्रीला १८ सेंटिस्टोकच्या (तेलाची जाडी मोजायचं एकक) आसपास असतं असं धरा, तेच १२० डिग्रीला साडेअकरा-बारावर येतं, म्हणजे साधारण ३० नंबरचं तेल १०० ला जेवढं पातळ तेवढं. म्हणजे रेडिएटर क्षाराने भरलाय, फॅन बेल्ट ढिला आहे, टायमिंग मागे पडलंय आणि मे महिन्यात तुम्ही खंबाटकी चढताय, तर डब्यावर ५० लिहिलेलं असलं तरी आत ३० च फिरतंय. ते दुरुस्त न करता ६० नंबर शोधत फिरण्यात काय अर्थ आहे? रेडिएटर साफ करा, टायमिंग लावून घ्या, मग बोला.

आता ऑइल

वरचं सगळं तपासून झालं, पेट्रोल नाही, पाणी नाही, वायर ठीक, स्लो ठीक, गाडी गरम होत नाही, आता कुठलं घ्यायचं. डब्यावरचा पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, तो थंडीचा. २०डब्ल्यू म्हणजे उणे १५ डिग्रीला इंजिन फिरवता येईल का याची चाचणी पास झालेलं तेल. आपल्याकडे महाबळेश्वरला सुद्धा एवढी थंडी पडत नाही, त्यामुळे ५डब्ल्यू घेण्यासाठी जादा पैसे द्यायचं काहीच कारण नाही. आपल्याला बघायचा तो दुसरा आकडा.

इंजिन नुकतंच काम केलेलं असेल, रिंग, मेटल नवीन, प्रेशर चांगलं, तर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० अगदी योग्य. त्या काळच्या गाड्यांच्या पुस्तकांत हवामानाप्रमाणे ३० किंवा ४० नंबरची सिंगल ग्रेड तेलंच दिलेली असायची, त्यामुळे ४० म्हणजे काही पातळ नव्हे. घासलेलं पण अजून तंदुरुस्त इंजिन, गरम झाल्यावर स्लोला प्रेशर ७-८ वर येणारं, किंवा गाडी जळगाव, नागपूर, सोलापूरकडची आणि उन्हाळ्यातही चालणारी, तर २०डब्ल्यू-५०. यापलीकडे जाड कशालाच लागत नाही. लागत असेल तर मेटल बदलायची वेळ आलीये, आणि ती वेळेवर बदलली तर क्रँक वाचतो, उशीर केला तर ग्राइंडिंग करून अंडरसाइज मेटल शोधत हिंडावं लागतं, तीही आता सहज मिळत नाहीत.

५डब्ल्यू-३० आणि ०डब्ल्यू-२० मात्र पद्मिनीत टाकू नका, कितीही महाग फुल सिंथेटिक असलं तरी. ती तेलं बारीक क्लिअरन्सच्या (भागांमधली फट कमी असलेल्या) नव्या इंजिनांसाठी आणि मायलेजसाठी बनवलेली आहेत. सिंथेटिकने जुन्या गाडीची सील खराब होतात असं सांगतात ते आजच्या तेलाबाबत खरं नाही, पण पातळ सिंथेटिक टाकलं की गळती वाढते हे खरं, कारण चाळीस वर्षांच्या कॉर्क पॅकिंगमधून पातळ तेलाला वाट मिळते. २०डब्ल्यू-५० सिंथेटिक टाकलंत तर काही बिघडत नाही, फक्त वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग काय हे तुम्हीच ठरवा. मी साधं मिनरल टाकून लवकर बदलावं या मताचा.

गळतीवरून आठवलं, टॅपेट कव्हर, चेंबर, मागचं सील, सगळीकडूनच अचानक तेल यायला लागलं तर पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी बघा. ती गाळाने बंद झाली की आतलं प्रेशर तेलाला मिळेल तिथून बाहेर ढकलतं. नळी काढून रॉकेलमध्ये धुतली की गळती निम्म्यावर येते, आणि जाड तेलाने हे कधीच सुटत नाही.

आता झिंकचा विषय, कारण यावर हल्ली फार भीती पसरवलेली आहे. पद्मिनीच्या इंजिनात कॅम थेट सपाट टॅपेटवर (व्हॉल्व्ह उघडायला ढकलला जाणारा भाग) घासत फिरतो, रोलर वगैरे काही नाही. त्या घासण्याच्या जागी धातूला वाचवायचं काम तेलातलं झेडडीडीपी नावाचं रसायन करतं, त्यात झिंक आणि फॉस्फरस असतं. फॉस्फरस एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू मारतं म्हणून नव्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलं गेलं. इथपर्यंत खरं आहे. पण त्यावरून "एसएम, एसएन, एसपी लिहिलेलं कुठलंही तेल टाकलं की कॅम खाल्ला जातो" हे खरं नाही. एपीआयच्या (तेलाचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) या ग्रेडमध्ये फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची मर्यादा ही ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, मायलेजवाल्या तेलांना आहे, साध्या २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० ला ती लागू होत नाही, डब्यावर रिसोर्स कन्झर्व्हिंग असं लिहिलेलं नसलं म्हणजे झालं. म्हणजे योग्य जाडीचं तेल घेतलं की झिंकचा प्रश्न बहुतेक तिथेच सुटतो. शिवाय पद्मिनीच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग काही रेसिंगच्या नाहीत, स्टॉक इंजिनला तेवढा ताण येत नाही.

तरी कोणाला जास्त खात्री हवी असेल तर डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० सीआय-४ (हा डिझेल तेलाचा ग्रेड) तेल हा उत्तम आणि स्वस्त मार्ग आहे, हायवेवरच्या कुठल्याही ट्रकच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं, सर्वो घ्या, मॅक घ्या, कॅस्ट्रॉल घ्या, काही फरक पडत नाही. त्यात झिंक भरपूर आणि गाळ धुवायची ताकद जास्त. फक्त दोन गोष्टी. एक, ज्या इंजिनात वर्षानुवर्षं तेल बदललं नाही आणि टॅपेट कव्हर उघडलं तर आत काळा गाळ थापलाय, तिथे एकदम असं धुणारं तेल टाकून लांब ट्रिपला जाऊ नका, गाळ सुटून जाळीत जातो. आधी चेंबर उतरवून साफ करा, आणि पहिलं तेल हजार किलोमीटरला बदला. इंजिन फ्लशची बाटली तर अशा इंजिनात अजिबातच नको. दुसरं, १९९५ पासून मुंबईसारख्या महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तुमची पद्मिनी त्या शेवटच्या वर्षांतली असेल आणि कन्व्हर्टर अजून जागेवर असेल तर जास्त फॉस्फरसचं तेल टाकण्याआधी विचार करा.

नवीन कॅम आणि टॅपेट टाकले असतील तरच झिंकची खरी काळजी घ्या. बसवताना कॅमवर असेंब्ली पेस्ट लावून घ्या, आणि इंजिन पहिल्यांदा चालू झालं की स्लोला अजिबात सोडू नका, दोन हजारच्या आसपास वीस मिनिटं धरून ठेवा, कारण स्लोला कॅमवर तेल उडत नाही आणि नवा कॅम पहिल्या काही मिनिटांतच एक तर बसतो नाही तर जातो. मिस्त्रींना हे आधीच सांगून ठेवा, चालू झाली की लगेच स्लो लावायचा मोह त्यांना होतोच.

मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चालेल का असंही विचारतात. अडचणीत टॉप-अपला चालेल, नुकसान काही नाही, पण ते क्लच त्याच तेलात भिजतो अशा इंजिनांसाठी बनवलेलं आहे, आपल्या गाडीला त्या गुणाचा उपयोग नाही. आणि अ‍ॅम्बॅसडरवाल्यांनो, जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनालाही हेच सगळं लागू, ते ब्रिटिश इंजिन तर २०डब्ल्यू-५० वरच सुखी राहतं.

घट्ट अ‍ॅडिटिव्हबद्दल एकच सांगतो. गाडी विकायची असेल तेव्हा लाइट झाकायला लोक ते वापरतात. म्हणून जुनी पद्मिनी विकत घेताना डिपस्टिकवरून तेल तारेसारखं लांब ओघळत असेल तर गेज लावल्याशिवाय व्यवहार करू नका, आणि शक्य असेल तर आधीचं तेल काढून साधं २०डब्ल्यू-४० भरून, गरम करून मग प्रेशर बघायची अट घाला. मालक तयार होत नसेल तर तेवढ्यावरून काय ते समजून घ्या.

तेल कधी बदलायचं? नुसता किलोमीटरचा हिशोब या गाड्यांना पुरत नाही कारण त्या फारशा चालतच नाहीत. पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि पावसाळाभर उभी असणारी गाडी असेल तर पावसाळा संपल्या संपल्या, दसऱ्याच्या सुमारास बदलावं, कारण चार महिन्यांचा दमटपणा त्यात उतरलेला असतो. आणि उभ्या गाडीला दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे तिच्यावर प्रेम नाही, छळ आहे. त्या पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, उलट पेट्रोल आणि पाणी दोन्ही तेलात जाऊन बसतं. चालवायची तर अर्धा तास बाहेर काढा, नाहीतर शांत उभी राहू द्या.

शेवटचं, खरेदी करताना. ड्रममधलं सुटं तेल घेऊ नका, आणि नावाजलेल्या ब्रँडचं डुप्लिकेट तेल बाजारात भरपूर आहे म्हणून डब्याचं सील, झाकणाची रिंग, बॅच नंबर आणि तारीख बघून, बिल घेऊनच घ्या, भाव नेहमीपेक्षा फारच कमी सांगत असेल तर सोडून द्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोकं पाडा, तेच डबे परत भरून विकतात. एकदा जे तेल ठरवलं त्याचाच एक लिटरचा डबा डिकीत ठेवा, जुन्या गाडीला प्रवासात टॉप-अप लागतोच, आणि घाटात एखाद्या टपरीवर मिळेल ते ओतावं लागत नाही.